सासरे ७४ वर्षांचे, जेलमध्ये, आणि आता माणसं ओळखेनात

(पत्रातलं गाव, जेल आणि ओळख पटेल अशा बाकी खुणा मुद्दाम काढल्यात, पत्र थोडं छोटंही केलंय.)

"ताई नमस्कार. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. बांधाच्या भांडणात त्यांच्या हातून चुलत भावाचा खून झाला, २०१९ ला सेशन कोर्टात जन्मठेप लागली. अपील हायकोर्टात आहे पण वकील फोन उचलत नाहीत. आधी मुलाखतीला गेलं की शेताचं, म्हशीचं, नातवाच्या शाळेचं सगळं विचारायचे. दिवाळीनंतर गेले तर मलाच म्हणाले, तू कुणाची गं? काचेपलीकडून फोनवर बोलावं लागतं, त्यांना तसंही कमी ऐकू येतं, रिसीव्हर उलटा धरला होता. पायजमा ओला होता. हाताला धरून आणणारा पोरगा म्हणाला, आजोबा रात्री उठून दुसऱ्याच्या अंथरुणावर जातात, शिव्या खातात, कधी मारही. आता त्याच पोराच्या भावाचा फोन आलाय, महिन्याला दोन हजार गुगल पे करा, आजोबांचं सगळं बघतो म्हणून. मिस्टर म्हणतात त्यांचं नाव काढू नको, त्यांनी आपलं घर बुडवलं. गावात म्हणतात केलं तसं भोगतायत. ज्यांचा खून झाला त्यांची बायको, आमच्या काकू, समोरच राहतात. सासऱ्यांसाठी काही मागितलं तर काकूंवर अन्याय होईल का? की मी गप्प बसू? – एक सून"

ताई, गप्प बसू नका. बाकीचं सगळं हळूहळू बघू पण पहिल्या दोन गोष्टींना वेळ नाहीये.

पहिली, ते दोन हजार पाठवू नका. मला कळतंय की मन होतंय, दोन हजारात म्हाताऱ्याचे कपडे धुतले जाणार असतील तर काय वाईट, असंच वाटतं सगळ्यांना. पोरगा मनाने चांगला असेलही, आत अशी पोरं असतात, जी स्वतःच्या आजोबांचं कधी केलं नसेल तेवढं परक्या म्हाताऱ्याचं करतात. पण बाहेरून पैसे सुरू झाले की तो रेट होतो, पुढच्या महिन्यात तीन हजार, आणि एखाद महिना चुकला की आजोबांचं काय होईल हे तुम्हाला इथे बसून कळणारही नाही. शिवाय हा सगळा प्रकार जेलच्या नियमाबाहेरचा, उघडकीला आला तर पोरगाही अडकेल आणि तुमचा नंबर त्यात येईल. मदतनीस हवाच आहे, पण तो अधीक्षकांनी नेमलेला हवा. बॅरेकमधल्या किंवा जेल हॉस्पिटलमधल्या बंद्याला आजारी म्हाताऱ्यासोबत द्यायची पद्धत आहे, ते लेखी मागायचं. अर्जात त्या पोराचं नाव टाकू नका, पैशाचा विषय तर अजिबात नको. फक्त एवढंच लिहा की सोबतीला जबाबदार माणूस द्या.

दुसरी गोष्ट त्याहून घाईची. तुम्हाला वाटत असेल की हा विसराळूपणा म्हणजे म्हातारपण, डिमेन्शिया. असेलही. पण दिवाळीपर्यंत म्हशीची चौकशी करणारा माणूस एकदम सुनेला ओळखत नाही आणि त्याच वेळी कपड्यात लघवी होतेय, हे ऐकून कुठलाही डॉक्टर आधी लघवीचं इन्फेक्शन, प्रोस्टेट, अंगातलं सोडियम, शुगर, थायरॉइड, बी १२ हे सगळं तपासेल. म्हाताऱ्या माणसाला साधं इन्फेक्शन झालं तरी तो भ्रमात गेल्यासारखा वागतो, आणि औषध दिलं की पुष्कळदा माणूस परत जागेवर येतो. आणि मार खाल्लाय म्हणता, तर डोक्याला लागलंय का हे बघायलाच हवं, वयस्कर माणसाच्या डोक्यात हळूहळू रक्त साठत जातं आणि आठवड्यांनी लक्षणं दिसतात, त्याला सीटी स्कॅन लागतो. म्हणजे हे सगळं बरं होण्यातलं असू शकतं. वय झालंय म्हणून सोडून देणं ही चूक जेलमध्ये फार होते, तशी ती घराघरांतही होतेच म्हणा.

तर उद्याच अधीक्षकांच्या नावाने अर्ज करा, मराठीत, साध्या कागदावर. भावना कमी आणि जे दिसलं ते जास्त. अमुक तारखेला मुलाखतीत त्यांनी मला ओळखलं नाही, रिसीव्हर उलटा धरला, कपडे ओले होते, रात्री बॅरेकमध्ये भटकतात असं कळलं, मारहाण झाल्याचंही कळलं, तरी जेलच्या डॉक्टरांकडून तपासणी आणि सरकारी हॉस्पिटलमध्ये फिजिशियन आणि मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावं ही विनंती. चष्मा आहे का, कानाचं मशीन आहे का, कवळी आहे का, बीपी-शुगरची आधीची कुठली गोळी चालू होती, घरी जुने कागद सापडले तर त्यांच्या झेरॉक्स जोडा. घरून गोळ्या नेऊन खिडकीवर देऊ नका, जेलच्या डॉक्टरांनी मंजूर केल्याशिवाय आत जात नाहीत आणि तुम्ही परत फिरता. बाहेरच्या हॉस्पिटलला नेताना सगळ्यात जास्त वेळा गाडी अडते ती पोलीस गार्डवर. जेलवाले म्हणतात मुख्यालयातून गार्ड मिळालं नाही, मुख्यालय म्हणतं बंदोबस्त आहे, आणि तारीख जाते. म्हणून अर्जाची एक कॉपी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्या आणि एक प्रधान जिल्हा न्यायाधीशांना, ते जेलचे पदसिद्ध अभ्यागतही असतात, त्यांच्याकडून एक विचारणा आली की गार्ड मिळतं असा अनुभव आहे. प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे, फुकट लागते. आणि सासरे कोठडीत आहेत एवढ्या एका कारणावर त्यांना मोफत वकील मिळायचा हक्क आहे, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने, त्यात घरची शेती किती, उत्पन्न किती काही बघत नाहीत.

डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलंच तरी तिथे थांबू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे त्यात स्मरणशक्ती आणि आपण कुठे आहोत, समोर कोण आहे याचं भान जाणं हेही येतं, आणि त्याच कायद्यात कैद्यांसाठी वेगळं कलम आहे, १०३. राज्यातल्या किमान एका जेलच्या दवाखान्यात मानसिक आरोग्याची सोय असावी असं त्यात म्हटलंय. त्यातच असंही आहे की जेलच्या डॉक्टरने दर तिमाहीला मानसिक आरोग्य आढावा मंडळाला कळवायचं, आमच्या जेलमध्ये मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही. गंमत बघा, कायद्याने रिपोर्ट मागितलाय तोच 'नाही' म्हणणारा. म्हणून तुमचा अर्ज तारखेसकट फाइलला असणं महत्त्वाचं, तो एकदा लागला की 'नाही' लिहिणाऱ्याचा हात जरा अडखळतो.

बाकी सोयींचं पण मागा, लाजू नका. राज्याच्या कारागृह विभागाने ५० च्या वरच्या कैद्यांना स्वखर्चाने अंथरूण-उशी ठेवायची परवानगी दिलेली आहे, ती मिळालीय का विचारा, कारण सत्तरीतल्या माणसाला फरशीवरून रात्री चार वेळा उठायचं म्हणजे काय हे ज्याचे गुडघे गेलेत त्यालाच माहीत. संडास बसायचाच असतो बहुतेक ठिकाणी, कमोडची खुर्ची मागा. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात अपंग कैद्यांसाठी जेलमध्ये रॅम्प, वापरता येतील असे संडास वगैरे करायला सांगितलंय, वकिलाला तो निकाल माहीत असेल. बॅरेक बदलून दवाखान्याजवळ किंवा संडासाजवळची जागा मागा. आणि मुलाखत फोनवर होतच नसेल तर समोर बसून, कानाशी बोलता येईल अशी मुलाखत मागा, अधीक्षकांना तेवढा अधिकार असतो, वयाचं आणि बहिरेपणाचं कारण देऊन मागितलं तर बरेच अधिकारी देतात. सगळेच राक्षस नसतात हो. जागेच्या मानाने कैदी जास्त आणि डॉक्टर एखादाच, त्यात म्हाताऱ्याचा नंबर शेवटी लागतो कारण तो आरडाओरडा करत नाही.

म्हातारे किती आहेत आत याचा नीट हिशोबच नाही. देशाचा दरवर्षी जो जेलचा सरकारी रिपोर्ट निघतो त्यात वयाचे गट बघा, १८ ते ३०, ३० ते ५०, आणि मग ५० च्या वरचे सगळे एकत्र. म्हणजे ५२ वर्षांचा धडधाकट माणूस आणि तुमचे सासरे एकाच रकान्यात. मोजलंच नाही तर कमोड किती लागतील हे कोण ठरवणार.

आता गावाचं बोलणं, केलं तसं भोगतायत. तुमच्याकडे सेशन कोर्टाच्या निकालाची कॉपी असेल तर शेवटचं पान काढून वाचा. आदेशात काय असतं, जन्मठेप, दंड, दंड न भरल्यास एवढी जादा कैद. त्यात कुठे ओल्या पायजम्यात झोपावं असं लिहिलेलं नसतं. चष्मा नको, गोळी नको, रात्री मार खावा, हे कुठल्याही जज्जने दिलेलं नाही, हे आपण बाहेरच्यांनी मनाने जोडलेलं. या राज्यातच झालेली दोन उदाहरणं सांगते. तळोजा जेलमध्ये एल्गार परिषद प्रकरणातले पाद्री स्टॅन स्वामी होते, ८० च्या पुढचे, पार्किन्सनने हात थरथरायचे, पेला तोंडाला लावता यायचा नाही, त्यांना सिपर आणि स्ट्रॉसाठी २०२० मध्ये कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्यावर तारखा पडल्या. ते कच्चे कैदी होते, गुन्हा शाबित झालेला नव्हता, जामिनाची सुनावणी चालू असतानाच जुलै २०२१ मध्ये ८४ व्या वर्षी गेले. त्याच जेलमध्ये, त्याच प्रकरणातल्या गौतम नवलखांचा चष्मा गेला, घरच्यांनी पाठवलेला दुसरा घेतला नाही, शेवटी मुंबई हायकोर्टाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. त्यांची मतं तुम्हाला पटोत न पटोत, तो विषय वेगळा. पण ज्यांच्यामागे मोठे वकील आणि पेपरवाले होते त्यांना पेला आणि चष्म्यासाठी एवढं करावं लागलं, तर तुमच्या सासऱ्यांसाठी कोण करणार? तुम्हीच ना.

काकूंचं. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलात याचं मला कौतुक वाटलं, कारण अशी पत्रं येतात त्यात ज्याचा जीव गेला त्याच्या घरचं कुणी नावही काढत नाही. माझं म्हणणं असं की इथे दोन गोष्टी आहेत आणि त्या मिसळू द्यायच्या नाहीत. आतमध्ये औषधपाणी, अंथरूण, कमोड, मार न खाणं, याच्याशी काकूंचा काही संबंध नाही, त्यांची परवानगी लागत नाही, त्यांचं काही कमी होत नाही, शिक्षा तेवढीच राहते. अन्यायाचा प्रश्नच येत नाही. पण सुटका, जामीन, रजा, हे मागाल तेव्हा गोष्ट बदलते. तेव्हा त्यांना बोलायचा हक्क आहे. रजेच्या अर्जावर स्थानिक पोलीस स्टेशनचा रिपोर्ट मागवतात, पोलीस फिर्यादीकडे विचारतात, आणि काकू म्हणाल्या की नको, मला भीती वाटते, तर ते लिहिलं जाईल. लिहू द्या. त्यांच्याकडे सरपंचाला, भावकीतल्या कुणाला 'जरा सांभाळून घ्या' म्हणून पाठवू नका, सही मागायला तर मुळीच जाऊ नका. त्यांनी नवरा गमावलाय, मोठेपणा दाखवायची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकायची हे बरं नाही. निर्णय कोर्ट घेईल. त्या नंतरही दार लावून घेत राहिल्या तर घेऊ द्यात, तुम्ही तुमच्या मुलाला मात्र सांगून ठेवा की आजीकडे बघून तोंड फिरवायचं नाही.

सुटकेचे रस्ते कुठले ते सांगते, यात मी वकिलाची जागा घेत नाहीये, वकिलाला काय विचारायचं तेवढं सांगतेय. मुदतपूर्व सुटका आत्ता नाही, खुनाच्या जन्मठेपेला प्रत्यक्ष १४ वर्षं आत काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही, आणि ६५ च्या वरच्या अशक्त कैद्यांसाठी राज्याचं जे २००६ चं धोरण कोर्टात गाजलं त्यालाही १४ वर्षांची अट आहेच. राज्यपालांचा राज्यघटनेच्या कलम १६१ खालचा माफीचा अधिकार वेगळा, तो या १४ वर्षांत अडकत नाही, अर्ज जरूर करा पण त्याच्यावर डोळे लावून बसू नका.

खरा रस्ता अपिलातला आहे. अपील चालू असेपर्यंत शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो, फौजदारी प्रक्रियेच्या नवीन कायद्यात कलम ४३०, जुन्यात ३८९ होतं. आधी एकदा मागून फेटाळला असेल तरी वय वाढलं, तब्येत बिघडली, अपील लवकर बोर्डावर येत नाही, या बदललेल्या परिस्थितीवर परत मागता येतो. कोर्ट जेलकडून मेडिकल रिपोर्ट मागवेल, म्हणून तर वरचा अर्ज आणि तपासणी आधी हवी, नाहीतर रिपोर्ट येतो 'प्रकृती स्थिर' आणि विषय संपतो. अरुण गवळीला ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जामीन दिला तेव्हा ७६ वय आणि सतरा वर्षांहून जास्त कैद, दोन्ही विचारात घेतलं. मग शेतकऱ्याच्या वयाकडे कोर्टाने का बघू नये? फक्त त्याच्यासाठी कुणी अर्ज करायला हवा.

आणि तुमचा जिल्हा हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या नवीन सर्किट बेंचमध्ये येतो, ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालंय, म्हणजे मुंबईची वारी वाचली. तुमच्या वकिलांनी फोन न उचलण्याचं कारण एखादवेळी हेही असेल की ते मुंबईला प्रॅक्टिस करतात आणि फाइल इकडे आलीये. अपील नंबर शोधा, हायकोर्टाच्या साइटवर नावावरून सापडतो, कॉलेजातल्या कुठल्याही पोराला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. मग त्या वकिलांना एक लेखी पत्र टाका, अमुक दिवसांत उत्तर द्या नाहीतर आम्ही विधी सेवा समितीकडून वकील घेतो. भांडू नका, फाइल त्यांच्याकडे आहे. नवा वकालतनामा सासऱ्यांच्या सहीने जेलमधून येतो, जेलर साक्षांकित करतात, सही जमत नसेल तर अंगठा, आणि त्यांना कळतच नसेल तर तेही वकिलाने कोर्टाला सरळ सांगायचं, लपवायचं नाही. प्राधिकरणात गेलात की ७० च्या वरच्या आणि असाध्य आजारी कैद्यांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये मोहीम सुरू केली होती, त्यात यांचं नाव घेतलंय का हेही विचारा.

संचित रजेचं, म्हणजे काही दिवस घरी जायला मिळणाऱ्या फर्लोचं, जपून. ती शिक्षेत धरली जाते, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल तशी धरत नाहीत, त्यामुळे आतले लोक फर्लोच मागायला सांगतात. पण ज्याला तारीख-वार कळत नाही तो माणूस ठरलेल्या दिवशी परत हजर व्हायला हवा, नाही झाला तर गुन्हा त्याच्या नावावर आणि कटकट जामीनदाराच्या. शिवाय गावात काकूंच्या दारासमोर आणून ठेवणं मला पटत नाही. मागायचीच तर नणंदेच्या पत्त्यावर मागा, दुसऱ्या गावी.

आणि आता जरा कडू बोलते. समजा उद्या जामीन झाला. रात्री दोनला चादर कोण बदलणार? तुम्हीच. मिस्टर बोलणार नाहीत, मुलगा शाळेत, शेतात माणूस मिळत नाही, आणि एक म्हातारा माणूस दर दहा मिनिटांनी 'मला घरी जायचंय' म्हणतोय घरातच बसून. जेलमधून सोडवलं म्हणजे झालं असं नाही, ती जेल तुमच्यावर येऊ शकते. म्हणून जामिनाचा अर्ज टाकायच्या आधी घरात बसून ठरवा, नणंद किती महिने ठेवणार, पैसे कोण देणार, बाई ठेवायची तर कुठून. कोर्टही विचारतं की सोडलं तर सांभाळणार कोण, तिथे नणंद आणि मिस्टर दोघांचं प्रतिज्ञापत्र असेल तर अर्जाला वजन येतं. तुमच्या एकटीच्या नावावर काहीही लिहून देऊ नका.

मिस्टरांना मुलाखतीला ओढू नका. त्यांचा राग खोटा नाहीये, बापाच्या एका संध्याकाळीपायी वकिलात जमीन गेली, भावकी तुटली, गावात मान खाली, हे सगळं त्यांनी सोसलंय. त्यांना माफ करा म्हणून सांगायला जाल तर ते आणखी आखडतील. त्यांच्याकडे काम मागा, माया मागू नका. अपील नंबर काढून द्या, कोल्हापूरला एक चक्कर मारा, इथे सही करा. बरेच पुरुष कागदाच्या निमित्ताने पोचतात जिथे पोचायचं तिथे, आणि नाही पोचले तरी काम तर होतं.

पहिला अर्ज नेऊन द्याल तेव्हा दोन कॉप्या न्या, एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या, देत नाहीत म्हणाले तर तिथून निघून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पंधरा दिवसांत तपासणी झाली नाही तर मला परत लिहा, त्या पावतीच्या फोटोसकट.